गाळलेली ओळ

बाबूजी,

आज कॉलेजातून दुपारीच घरी आले. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर टाकला, कूलर लावला, आणि त्या गठ्ठ्याशेजारीच वही उघडून तुम्हाला लिहायला बसले. हे सेकंड शिफ्टला गेलेत. लेक हैदराबादला असते, फोन करते तेव्हा हिंदीत बोलते. मराठी तिला कळते, पण तोंडातून निघत नाही. तुम्ही गेल्यावर आईशी तरी 'मले', 'तुले' करत बोलणं व्हायचं. आता तीही जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही, आणि लिहायला घेतलं की हात आपोआप शाळेतल्या पुस्तकी भाषेकडे वळतो. तुम्हाला ती परकी वाटेल, चालवून घ्या. मी फार दमले आहे, बाबूजी. सकाळी उठते तीच दमलेली उठते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. काय झालं आहे ते मला ठाऊक आहे, फक्त सांगण्यासारखं माणूस सापडत नव्हतं.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट कळलं नाही. तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, 'पोरगी कंपुटर शिकवते.' ते खरंच होतं. तुम्ही गेलात तेव्हा घरात लँडलाइनचा फोन होता आणि तो वाजला की सगळे धावायचे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि त्यावर लोक गट करून बोलतात: गल्लीचा गट, नात्यातल्यांचा गट, एका कारखान्यात कामाला जाणाऱ्यांचा गट. एकानं काही लिहिलं की ते पन्नास जणांना एकदम दिसतं, त्यातले दहा जण ते आपापल्या दुसऱ्या गटांत टाकतात, आणि अर्ध्या तासात एक ओळ दुर्गपासून राजनांदगावपर्यंत पोचते. असं बोलणं कुठून कुठं जातं, ते मशीनवर शोधायचं, हे माझं काम. प्रत्येक फोन म्हणजे कागदावर एक ठिपका. एकानं दुसऱ्याला काही पाठवलं की दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ. ज्याच्यातून सगळ्यांत जास्त रेघा जातात त्याचा ठिपका मशीन मोठा करते आणि त्याला लाल रंग देते. पोरांना शिकवताना मी म्हणायचे, या चित्रात गाव दिसतं. बरीच वर्षं मला खरोखर तसं वाटत होतं.

तुमचं काम मात्र मला लहानपणापासून कळत होतं, कारण ते चालण्याचं होतं. मालगाडी यार्डात आली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जायचं आणि प्रत्येक डब्याचा नंबर लिहून घ्यायचा. यार्डात तुम्हाला सगळे नंबरवाले भाऊ म्हणत. एकदा हिवाळ्याच्या सुट्टीत मी हट्ट करून तुमच्यासोबत आले होते, आठवतं? मी आठवीत आहे. सकाळचे नऊ वाजलेत. रुळांमधल्या गिट्टीवरून चालताना माझी चप्पल सारखी निसटते आहे. तुम्ही पाटीला लावलेला कागद माझ्या हातात देता आणि म्हणता, 'या बाजूच्या डब्याईचे नंबर तू लिव. मी पलीकडून पायतो, मंग दोघाईचं मिळवू.' मला इतका आनंद झालेला की मी जवळजवळ पळतेच आहे. पण नंबर उंचावर लिहिलेले, काहींवर कोळशाची धूळ, आणि मला ते धूसर दिसतात. आठ आहे की तीन ते कळत नाही. मी थांबत नाही. जे वाटतं ते लिहून टाकते. गाडीच्या शेवटच्या टोकाला तुम्ही माझा कागद बघता, तुमच्या कागदाशी लावता, आणि तुमचा चेहरा बदलतो.

'हा नंबर दिसला का तुले?'

मी चप्पल नीट करायला वाकते.

'मी विचारून राहिलो. दिसला का?'

'नाही नीट.'

'दिसला नाही तं दिसला नाही म्हन. जागा खाली ठेव. अंदाजानं लिवू नको. मांगून कोनाचा माल कोनाच्या गावाले जाते.'

तुम्ही ओरडला नाहीत. पण मला परत त्या अख्ख्या गाडीच्या कडेनं चालवत नेलंत, प्रत्येक चुकलेल्या डब्यापाशी उभं केलंत, आणि मी चटणीसारखी लाल होऊन, अगदी डब्याला नाक लावून नंबर वाचत गेले. तिसऱ्या की चौथ्या डब्याशी तुम्ही अचानक थांबलात. मी किती जवळ जाते आहे ते तुमच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलून मला रेल्वेच्या दवाखान्यात नेलंत, आणि आठवड्याभरानं माझ्या नाकावर काळ्या काड्यांचा चष्मा आला. त्या संध्याकाळी आई सिगडीवर वांगं भाजत होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिला म्हणालात, 'गलती माही आहे. पोरीले दूरचं दिसतच नाही, अन् मी तिले तेवढं चालवलं.' आई म्हणाली, 'तुमाले तरी कसं कळन?' तुम्ही म्हणालात, 'बाप आहो मी. मलेच कळाले पायजे होतं.' मी पलीकडच्या खोलीत नवा चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक आकडे वाचत होते, ते सगळं ऐकलं. 'गलती माही आहे' हे एक वाक्य बोलायला तुम्हाला काही लागलं नव्हतं. बाजारात भाजीचा भाव सांगावा तसं सांगून तुम्ही हात धुवायला उठलात.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. उन्हाळा होता. एका दुपारी दुर्गच्या पलीकडच्या आणि अलीकडच्या गावांमध्ये फोनवर एक मजकूर फिरला की रसमड्याच्या एका कारखान्यातून विषारी गॅस सुटला आहे, लोक पडताहेत, हवा उतईच्या बाजूला आहे, घरं सोडा. रसमड्याहून उतई काही जवळ नाही, पण मेसेजात वाऱ्याची दिशा लिहिलेली, त्यामुळे लोकांना तो खरा वाटला. कामावर गेलेल्यांचे फोन लागेनात, कारण सगळेच एकदम फोन करत होते. मग बायका पोरांना घेऊन निघाल्या. एका मोटरसायकलवर चार-चार जण. दीड-दोन तासांनी कळलं की गॅस वगैरे काही नाही. कुठल्याशा कारखान्यात भोंगा वाजवून सराव चालला होता, एवढंच मागून समजलं. तोवर त्या पळापळीत बरेच जण पडले. उतईची एक म्हातारी नातवाच्या मोटरसायकलवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

हा मजकूर कुठून निघाला हे शोधायचं काम एका सरकारी दफ्तरानं आमच्या कॉलेजकडे दिलं, आणि आमच्या विभागप्रमुखांनी माझ्याकडे. गावांतले शिक्षक, पंच, मितानिन म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, यांच्या गटांतलं त्या दिवसाचं सगळं बोलणं दफ्तरानं उतरवून आम्हाला दिलं. सगळे गट मिळाले नाहीत. रसमड्याला कामाला जाणाऱ्यांचा एक मोठा गट होता, तो त्याच संध्याकाळी कोणीतरी बंद करून टाकला होता. म्हणजे गाडीचे पुढचे काही डबे मी पाहिलेच नव्हते. मला ते माहीत होतं. जेवढं मिळालं तेवढ्यावर मी चित्र काढलं. त्यात एक ठिपका सगळ्यांत मोठा आणि लाल निघाला. तो माणूस पंचेचाळीसेक गटांमध्ये होता, आणि माझ्याकडे आलेल्या बोलण्याच्या सामानात तो मजकूर सगळ्यांत आधी त्यानंच टाकलेला होता. अहवाल हिंदीत लिहायचा होता. मी लिहिलं, 'संभवतः प्रथम स्रोत.' बहुधा हाच पहिला.

शुक्रवारी दुपारी साडेचारला विभागप्रमुखांनी बोलावलं. परीक्षेचे पेपर त्याच दिवशी जमा करायचे होते, माझं डोकं ठणकत होतं. ते म्हणाले, 'मॅडम, उधर से फोन आया था. संभवतः से उनका काम नहीं चलेगा. हाँ है तो हाँ लिखिए, ना है तो ना.' मी म्हटलं, सर, एक गट आपल्याकडे नाहीच. ते म्हणाले, 'तो जो है, उसमें तो यही पहला है ना?' मी म्हटलं, हो, जे आहे त्यात हाच पहिला. 'तो बस.' मी माझ्या खुर्चीवर परत आले, तो एक शब्द खोडला आणि अहवाल पाठवून दिला. खोडायला एक क्षणही लागला नाही. मग पेपर जमा केले, सिव्हिक सेंटरला थांबून भाजी घेतली आणि घरी आले. त्या रात्री मला छान झोप लागली होती, हे मला आता आठवतं आणि बरं वाटत नाही.

दोन महिन्यांनी एक माणूस कॉलेजात आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट नीट इस्त्री केलेला, हातात प्लास्टिकची फाइल. दारातच चपला काढायला लागला, मी नको म्हटलं. त्यानं फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. माझंच चित्र होतं. लाल गोळ्याशेजारी कोणीतरी पेनानं मोबाइल नंबर लिहिला होता. 'मैडम, ये लाल वाला मैं हूँ,' तो म्हणाला. मग टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचलं आणि त्याची भाषाच बदलली.

'तुमी मराठी आहा का? आमी बी नागपूरकडचेच. बाप रेल्वेत होता.' त्यानं लाल गोळ्यावर बोट ठेवलं. 'मंग मले सांगा मॅडम, मी कावून लाल आहो?'

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. मशीन ठिपके कसे मोठे करते ते सांगायला लागले. त्यानं नीट ऐकून घेतलं. तो उतईला चॉइस सेंटर चालवतो. म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणं, पेन्शनसाठी म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर घेणं, झेरॉक्स, लॅमिनेशन. 'लोकंच मले आपल्या आपल्या ग्रुपात टाकतात,' तो म्हणाला. 'फारमची तारीख आली का मी सगळ्याईले सांगतो. कोनाले रक्त लागलं, कोनाचं पोरगं हरवलं, सांगतो. म्हनून माये ग्रुप जादा. यात का गुन्हा आहे?' मी म्हटलं, गुन्हा नाही. 'पन कागदावर तं लिवलं आहे, प्रथम स्रोत. मी सुरू केलं म्हनून. नोटीससंग हा कागद आला. जवाब तीन परतीत द्या म्हने. तं याच्या तीन झेरॉक्सा मीच काढल्या, माह्याच मशीनवर.' तो हसला नाही, तक्रारही केली नाही. सेंटरची आयडी चौकशी होईपर्यंत बंद होती, म्हणजे सरकारी कामं बंद. त्याचं त्याला तेवढं नव्हतं. मोटरसायकलवरून पडलेली ती म्हातारी त्याच्या शेजारचीच होती, आणि तिच्या मुलांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. तीस वर्षांचा शेजार. त्याच्या दुकानासमोरून जाताना ते तोंड फिरवून जात.

जाताना दारात उभा राहून तो म्हणाला, 'मी तं विचारलं होतं मॅडम. मी सांगितलं नव्हतं, विचारलं होतं.'

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, पाहते.

तो गेल्यावर मी मूळ सामान उघडलं, मशीननं हात लावायच्या आधीचं. तुम्हाला हे समजावून सांगावं लागेल. एकच मजकूर पुढं पाठवताना लोक त्याला काहीबाही जोडतात. वर 'जय जोहार', खाली हात जोडलेलं चित्र, कोणी आपलं नाव. ते तसंच ठेवलं तर मशीनला वाटतं हे सगळे वेगळे मजकूर आहेत. म्हणून आधी साफसफाई करावी लागते. मी नियम लिहून दिला होता की मूळ मजकुराच्या वरची आणि खालची सुटी ओळ गाळून टाकायची. हजारो ओळींतून केर काढल्यासारखं ते काम मशीननं मिनिटभरात केलं होतं, आणि मी एकदाही कचऱ्याच्या टोपलीत बघितलं नव्हतं. आता त्याच्या नंबरापुढचा मूळ मेसेज समोर आला. वरती त्यानं स्वतः टाइप केलेली ओळ होती: 'भाई हो, ये सही है क्या? कोई रसमड़ा में हो तो बताओ, तब तक आगे मत भेजना.'

त्यानं तीच ओळ लावून आपल्या सगळ्या गटांत विचारलं होतं. कुठून तरी खरं उत्तर मिळेल म्हणून. जितके जास्त गट, तितका ठिपका मोठा आणि लाल. पुढं पाठवणाऱ्यांनीही त्याची ओळ काढून टाकली होती आणि खालचा मजकूर तेवढा घेतला होता. लोकांनी घाबरून काढली. मी नियमानं काढली. एवढ्या सगळ्या सामानात 'हे खरं आहे का' असं विचारणारा पहिला माणूस तोच होता, आणि त्यालाच मी पहिला खोटं बोलणारा म्हणून लिहून दिलं होतं. मी चष्मा काढून डोळे पुसले. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनं विचारलं, सर्दी झाली का. मी हो म्हटलं.

विभागप्रमुख म्हणाले, 'अब क्या फायदा? रिपोर्ट तो गई.' ते वाईट माणूस नाहीत, बाबूजी. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं, आणि त्यांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आली आहे. मी ऐकलं नाही, एवढं मात्र सांगते. अर्ज लिहिला, स्वतः त्या दफ्तरात गेले. तिथला अधिकारी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, फार अदबीनं बोलणारा. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, 'मैडम, आप ही ने तो लिखा था, प्रथम स्रोत.' मी म्हटलं, हाँ. 'तो अब आप कह रही हैं कि नहीं है.' मी म्हटलं, मी म्हणते आहे की मला माहीत नाही. तो म्हणाला, 'पता नहीं' चा कॉलम आमच्याकडे नाही. तरी त्यानं शुद्धिपत्र घेतलं, आवकचा शिक्का मारला. मी आणखी चार वेळा गेले. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची सुट्टी. शेवटी पाचव्या महिन्यात त्याची आयडी सुरू झाली आणि माझ्या शुद्धिपत्राची एक प्रत त्याला पोस्टानं गेली.

मधल्या काळात तो सगळ्या गटांतून बाहेर पडला होता. फक्त घरच्या गटात राहिला. त्याचाही परिणाम झालाच. रेशनकार्डावर अंगठा लावून घ्यायची शेवटची तारीख येऊन गेली आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी बायकांना ती कळलीच नाही, कारण दर वेळी सांगणारा माणूस या वेळी गप्प होता. हे मला आमच्या कॉलेजात झाडू मारायला येणाऱ्या बाईनं सांगितलं. ती उतईकडून येते. तिचंही राहून गेलं होतं. 'वो भैया अब कुछ नहीं भेजता,' ती म्हणाली, 'किसी ने उसका नाम लिख दिया था.' मी तिच्यासोबत जाऊन तिचं काम करून आणलं. कोणी नाव लिहून दिलं होतं, ते तिला सांगितलं नाही.

मागच्या रविवारी शेवटी उतईला गेले. त्यानं दोन-तीनदा फोन करून बोलावलं होतं, 'एक डाव चाय प्याले या.' सकाळी स्कूटीनं निघाले. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मध्येच वीटभट्ट्या, बसस्टँडाजवळ पोह्यांची गाडी. त्याचं दुकान शोधावं लागलं नाही. बाकावर चार माणसं बसलेली, त्यांत एक म्हातारी, मांडीवर काठी आडवी ठेवून. त्यानं मला पाहिलं आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. 'याच त्या मॅडम,' तो सगळ्यांना हिंदीत म्हणाला. मग भिंतीकडे हात केला.

भिंतीवर, पासपोर्ट फोटोंच्या नमुन्यांशेजारी, माझं शुद्धिपत्र होतं. त्यानं ते लॅमिनेट करून चार खिळे ठोकून लावलं होतं. कॉलेजचा मोनोग्राम, दफ्तराचा शिक्का, खाली माझी सही. मी ते वाचलं. जणू मला पहिल्यांदाच दिसत होतं. 'डेटा की सफाई के दौरान तकनीकी त्रुटि हो गई थी, जिसके कारण उक्त व्यक्ति को भूलवश प्रथम स्रोत दर्शाया गया.' हो गई थी. दर्शाया गया. अख्ख्या पानात 'मी' कुठंच नव्हता. 'संभवतः' खोडल्याचं तर नावच नव्हतं. लिहिताना मी अगदी जपून लिहिलं होतं. माझ्या नोकरीला काही होऊ नये, विभागप्रमुखांना काही होऊ नये, असं.

'येनाऱ्या जानाऱ्याले मी दाखवतो,' तो म्हणाला. 'मशीनची गलती होती म्हनून. अन् मॅडमनं पकडली म्हनून. नाहीतं कोन पकडते? पाच डाव दफ्तरात गेल्या या, माह्यासाठी.' म्हातारीनं मान वर केली. तीच ती, मोटरसायकलवरून पडलेली. तिचे मुलगे आता पुन्हा दुकानात येत होते. त्यांनीच तिला आज पेन्शनच्या अंगठ्यासाठी आणून बसवलं होतं. तिनं काठीला टेकून माझा हात धरला. तिचा तळवा कोरडा आणि गरम होता. ती म्हणाली, 'मशीन के गलती रहिस, नोनी. तैं पकड़ डारे.' चूक मशीनची होती पोरी, तू पकडलीस. बाकावरची माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती.

तेव्हा सांगायला हवं होतं. माणसंही तीच होती, ज्यांना ते कळायला हवं होतं. मला वाक्यही सुचलं होतं, हिंदीतून आणि मराठीतून, दोन्ही. पण मी म्हातारीच्या हाताकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मनात आलं की दोन घरांत पुन्हा बोलणं सुरू झालं आहे ते या मशीनच्या चुकीवर झालं आहे, आता कशाला. हे मनात आलं हे खरं. पण ते दुसऱ्यांदा आलं. त्याच्या आधी मनात आलं ते असं की ही सगळी माणसं माझ्याकडे किती चांगल्या नजरेनं बघताहेत, आणि मला कितीतरी महिन्यांत कोणी असं बघितलं नव्हतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच आहे. पेपर तपासून झाले की या वहीतली ही पानं काढून घेईन, कदाचित फाडीन, कदाचित नाही. त्यानं चहा मागवला, बाबूजी. आलं घातलेला, जास्त साखरेचा. सगळ्यांनी मला आधी दिला. मी त्या कागदाखाली बसून तो चहा शेवटपर्यंत प्याले, छान झाला आहे म्हटलं, आणि घरी आले.